दप्तरातलं औषध

चहावर साय धरत होती. आधी कडेला एक सुरकुती, मग मधोमध पातळ पापुद्रा, आणि तो त्या पापुद्र्याकडेच बघत बसला, कारण मान वर केली तर समोर ती होती – त्याच्या वर्गातल्या 'रेडिओ' म्हणतात त्या पोरीची आई – आणि ती नुकतंच म्हणाली होती, "मी तर नर्सबाईंना द्यायला म्हणून दप्तरातून पाठवलं होतं औषध. सरांनी स्वतःकडे का ठेवून घेतलं, मला खरंच माहीत नाही."

सरांनी. वर्षभर दादा, आणि आज सर.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं. "बोला ना सर. शाळेत औषध राहतं ते फक्त नर्सबाईंच्या कपाटात. तुम्ही चौथीचे वर्गशिक्षक, तुम्ही दवाखाना कधी उघडलात?"

वाक्य तयार होतं. ताई, फाटकाजवळ तुम्हीच... एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य तोंडात आलं आणि मागे फिरलं. तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला होता, इतका करकचून की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, आणि मला – हो, मलाच, इथं 'तो' म्हणून लपण्यात काय अर्थ आहे – मला त्या बोटाची काळजी वाटली. आधी बोटाची. मग स्वतःची. गाढव म्हणतात ते यालाच.

कालचीच गोष्ट. वाचनालयात पुस्तक बदलताना रेडिओ कोसळली. वर्गानं ठेवलेलं नाव, कारण तिचं तोंड कधी बंद नसतं. हातपाय ताठ, डोळे वर, पोरं किंचाळतायत. त्यानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला स्वेटर सरकवला, घड्याळ बघितलं, फिट थांबेना म्हणून खिशातली बाटली काढून नाकात फवारा मारला. सगळं शिकवल्यासारखं. ती सैल पडली, श्वास सुरळीत झाला, रंग परत आला. तेवढ्यात नर्सबाई धावत आल्या, आणि त्यांना पहिलं काय दिसलं असेल तर त्याच्या हातातली बाटली. "हे तुमच्याकडे कसं?"

शिकवलं कुणी? रेडिओच्या आईनंच. वर्षाच्या सुरुवातीला, शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर, पोरीच्या देखत, मोकळी बाटली घेऊन, स्वतःचं नाक पुढे करून. "असं. घाई नाही करायची. हसू नका दादा." तो खरंच हसत होता, भीतीनं. आधीच्या शाळेला आजार कळला होता, तर खेळाच्या तासाला पोरीला नर्सच्या खोलीत बसवायचे. सहल नाही, पोहणं नाही, खिडकीतून मैदान बघायचं. "इथं प्रवेश घेताना आम्ही आजाराचं काही सांगितलेलं नाही. नर्सबाईंना कळलं की मोठ्या बाईंना कळणार. तुमच्याजवळ असू दे, दादा. माझा भाऊ असता तर त्याला मागितलं असतं."

आणि वर्षभर ती पोरगी धावली, पोहली, सहलीला बसमध्ये सगळ्यांचं डोकं उठवलं. तो पोहण्याच्या तलावाच्या काठाला बूट न काढता उभा राहायचा. एक हात खिशात. पोरं म्हणायची, सरांना पाण्याची भीती वाटते.

एकदा त्यानं म्हटलं होतं, ताई, काय काय बघायचं ते मला फोनवर टाकून ठेवा, विसरायला नको. "फोनवर नको, समोरच बोलू." तेव्हा वाटलं, भिडस्त आहे बिचारी. आता मात्र ते वाक्य नखात घुसलेल्या कुसळासारखं... तेव्हापासूनच? माझ्याशी बोलत होती की मागे काही उरणार नाही याची काळजी घेत बोलत होती? काल संध्याकाळी दवाखान्याच्या दारात माझे दोन्ही हात धरून रडली, ते तरी काय होतं? रडताना तिचं ठरलं होतं का? की रात्री ठरलं, की आज सकाळी बाईंच्या खोलीत शिरता शिरता?

कारण समजत नव्हतं असंही नाही. आजार लपवला हे कबूल केलं की प्रवेश रद्द. पोरीचं वर्ष, मैत्रिणी, सगळं गेलं. समजत नसतं तर निदान मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"एक सोपा उपाय आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलीला बोलवू. औषध कुणी कुणाला दिलं, तिला माहीत असेलच."

"नको."

आपोआप निघालं ते. नऊ वर्षांच्या पोरीला उभं करायचं, एका बाजूला आई आणि एका बाजूला मी, आणि म्हणायचं, सांग. नको म्हणजे नको. पण बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आई गप्प होती. आईनं 'नको' म्हटलं नाही. घाबरलीही नाही. तिला ठाऊक होतं मी म्हणणार. वर्षभरात तिनं मला इतकं ओळखलं होतं, की त्या ओळखीवरच सगळं टाकलं होतं.

"मग नोकरीचं काय होईल ते कळतंय ना? शाळा सुटायच्या आत सांगा. मुलीला पाठवा, नाहीतर तुम्हीच येऊन खरं काय ते सांगा."

मधल्या सुट्टीत चित्रकलेचे सर डबा उघडता उघडता म्हणाले, "काय डॉक्टर, आज तपासणी बंद?" दोघं-तिघं हसले. तोही हसला, सवयीनं. नर्सबाई हसल्या नाहीत. पाण्याचा पेला हातात घेऊन त्याच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं? काल तुम्ही तिथं नसता तर मी काय केलं असतं, सांगा ना. मला तर माहीतच नव्हतं." 'मी नसलो तर काय?' असं रेडिओच्या आईला कधी विचारावंसंही त्याला वाटलं नव्हतं.

शेवटचा तास. भागाकार. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता त्याला पाठीमागं काहीतरी कमी असल्यासारखं वाटायला लागलं... रेडिओ बंद होती. कधीपासून? फिट यायच्या आधी ती अशीच गप्प होते, मधेच, शब्द अर्धा ठेवून, असं आईनं सांगितलं होतं. ते कळायला त्याला वळावं लागत नसे, कान आपोआप तिकडेच असायचे. तो वळला. ती खाली बघत होती. ओठ मिटलेले.

तो निघाला आणि दोन बाकांच्या मधे थांबला.

खिसा रिकामा. नर्सबाईंची खोली दुसऱ्या टोकाला. हात लावू? काल लावला तर हे झालं. दाराबाहेरून कोण बघतंय? वर्गात मोठं पोर कोणतं, साक्षीला... त्यानं खरंच हा विचार केला, साक्षीला, आणि पोरगी तिथं बसलेली.

"काय होतंय बाळा?"

तिनं मान वर केली. डोळे लख्ख, जागेवर. "काही नाही." मग बाजूच्या मैत्रिणीकडे चोरून बघत, अगदी हळू, "आईनं सांगितलंय तुमच्याशी बोलायचं नाही. पण तुम्हाला राग आला का?"

हायसं वाटलं त्याला. आणि ते कुणासाठी वाटलं हेही लगेच कळलं. तिला फिट आली नाही म्हणून नव्हे. आता आपल्याला काही करावं लागणार नाही म्हणून.

"नाही आला," तो म्हणाला. तिनं विश्वास ठेवला. झटकन. तिच्या आईनं त्याच्यावर ठेवला होता तसाच.

दाराशी शिपाईमामा उभे. "सर, बाई विचारतायत. पोरीला पाठवताय ना?"

रेडिओ त्याच्याकडे बघू लागली, मग मामांकडे, मग परत त्याच्याकडे. बोलायचं नाही असं सांगितलेलं, तरी ओठ हलायला लागले होते. विचारलं तर ही सगळं सांगेल. घडाघडा. फाटक, मोकळी बाटली, आईचं नाक, सगळं. एकदा तोंड उघडलं की हिला थांबवता येत नाही.

"सर?" मामा म्हणाले.

एक शब्द. 'नको'. सकाळी तो मला न विचारता बाहेर पडला होता. मी त्याची वाट बघत उभा राहिलो, खडू हातात, आणि तो येईना.