जोगी भुंग्याची साक्ष

रस्ता रुंद करायचा तर लिंडनची शंभर म्हातारी झाडं पडणार होती. ती वाचवायला गावातल्या बोगुमिलाकडे साक्षीदार एकच, जोगी भुंगा. हा जुन्या झाडाच्या पोकळीत जन्मतो आणि बहुतेक तिथेच मरतो. त्याचं घर तोडायला कायद्याने बंदी आहे. गुलाबभुंगा मात्र हिरवा, चमको, उकिरड्यातही सुखाने वाढणारा. त्याच्यासाठी कोणी काडी हलवत नाही.

दोघांच्याही अळ्या पांढऱ्या, लठ्ठ. ओळखायच्या कशा, ते कीटकांचे अभ्यासक डॉक्टर लुबोमिरनी तिला शिकवलं होतं. अळी टेबलावर ठेवायची, पाठीवर सरपटली तर गुलाबभुंगा. अठरा उन्हाळे ती शिडी घेऊन डॉक्टरांच्या मागे हिंडली होती. झाडांच्या तपासणीला तेच येणार म्हटल्यावर बाई पोरीसारखी हरखली.

सकाळी डॉक्टरांनी तिच्याकडे कोबीच्या पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, चापल्या आणि टोमॅटोसाठी म्हणून परसातल्या उकिरड्यातलं डबाभर खत मागून नेलं. दुपारी गावच्या सभेत त्यांनी एक डबा उघडला.

"सातव्या झाडातली अळी," ते म्हणाले.

अळी उलटली आणि पाठीवर सरपटत निघाली.

"बाई, तुमचा जोगी लोळण घेतोय की!" ट्रॅक्टरवाला काझिमिर ओरडला. सभा खो खो हसली.

बोगुमिलाने डब्यात डोकावलं. मातीत अंड्याची टरफलं होती, बिटाची सालंही. तिचंच खाऊन माणसाने तिचाच गळा कापला होता.

"ही माझ्या उकिरड्यातली आहे! झाडात अंडी कोण फोडतं?"

"कावळे," गावप्रमुख म्हणाला. "आणि डॉक्टर खोटं बोलतील होय?"

"रस्त्याचं काम त्यांच्या जावयाला मिळालंय," शेजारीण तिच्या कानाशी पुटपुटली. "सगळ्यांना ठाऊक आहे गं. तुला सांगायचा धीर नाही झाला."

"अळी कोणती, तेवढं सांगा बाई," गावप्रमुखाने पेन उघडलं.

डॉक्टर चष्मा पुसत होते. "सांग ना, बोगुशा. ओळखायला मीच शिकवलंय तुला. खोटं बोलायला नाही शिकवलं."

अठरा वर्षांत ती अळीच्या बाबतीत एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं.

"गुलाबभुंग्याची," ती म्हणाली.

गावप्रमुखाने लिहून घेतलं आणि ओळख पटवणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव घातलं.