खंडाचं कारण

“खंडाचं कारण काय लिहू?” टायपिस्टनं विचारलं.

कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अनुजा त्याच्या टेबलापुढं उभी होती. बारावीनंतर तब्बल नऊ वर्षांनी ती बी.ए.ला प्रवेश घेत होती आणि मधली वर्षं शिक्षण का थांबलं, याचं प्रतिज्ञापत्र कॉलेजनं मागितलं होतं. मागं बाकावर तिचे वडील हंबीरराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते. शिरोलीच्या फौंड्रीत आज त्यांनी खाडा केला होता.

“आई आजारी होती,” अनुजा म्हणाली.

टायपिस्टनं कच्चा कागद काढून दिला. ‘आईच्या आजारपणामुळे मला पुढील शिक्षण घेता आले नाही.’

वाक्य खरंच होतं. बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भरवणं, अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं अनुजावर आलं. उरल्या वेळात ती घरीच साड्यांना फॉल-पिको करायची. दोन स्थळं आली, खाटेकडं बघून परत गेली. बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरला, तर पेपरच्या आदल्या दिवशी आईला दवाखान्यात न्यावं लागलं.

यंदा मार्चमध्ये आई गेली. तेरावं झाल्यावर भांडी आवरता आवरता आत्या म्हणाली, “सुटलीस बघ पोरी. आता शीक जा काय शिकायचं ते.” अनुजा मोरीत जाऊन खूप रडली. आत्याचा राग आला म्हणून नव्हे. ते ऐकून क्षणभर तिला बरं वाटलं होतं, म्हणून.

“काका, हे बदला,” ती म्हणाली. “आईचं नाव नको.”

“का? खरं हाय न्हवं?”

“खरं हाय. पण वाचल्यावर वाटतंय, आई आडवी आली. ती कुठं आडवी आली? मी पुस्तकं रद्दीत घालाय निघालतो, तर डाव्या हातानं धरून ठेवली तिनं. सोडंचना.”

“मग लिहू काय? कायतरी लिहायला पायजेच की.”

हंबीरराव उठून टेबलाशी आले. “माझं नाव घाला. बापानं थांबवलं म्हणून लिवा.”

“आबा, बसा तुम्ही.”

“न्हाय. बाई लावूया म्हणत हुती हिची मावशी. मीच म्हटलं, घरात पोरगी असताना परकी बाई कशाला? एक वरीस थांब म्हटलं हिला. ही म्हटली, थांबतो की.” त्यांचा आवाज मोठाच होता; शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून बघू लागली. “एकाची नऊ झाली. परत कवा इचारलं न्हाय मी.”

नऊ वर्षांत हे त्यांच्या तोंडून अनुजा पहिल्यांदा ऐकत होती.

टायपिस्टनं चष्मा पुसला. “पावणं, कागदावर असं कुणाच्या माथी मारून चालत न्हाय.” त्यानं दोन शब्द टाईप केले : ‘कौटुंबिक कारणामुळे.’

हंबीररावांनी कागद डोळ्यांजवळ धरला. “एवढंच?”

“एवढंच लागतंय.”

अनुजानं सही केली.

“आणि माझी कुठं?”

“तुमची लागत न्हाय, पावणं.”

हंबीरराव टोपी घालून बाहेर गेले.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी हंबीररावांनी डबा स्वतःच भरला. भाकरी जाड झाली होती, कडेला करपली होती. “जा तू. उशीर करू नको,” एवढंच ते म्हणाले.

पहिला तास संपल्याची घंटा झाली तशी अनुजा ताडकन उठली. वही पिशवीत कोंबली, जिना उतरून झपाझप गेटपर्यंत आली. नऊ वर्षांत आईला सोडून एका तासापेक्षा जास्त वेळ ती कधी घराबाहेर राहिलीच नव्हती. रिक्षाला हात करायला तिनं हात वर उचललाही.

मग तिला आठवलं.

रिक्षावाला थांबला. “कुठं जायचं, ताई?”

“कुठं न्हाय,” ती म्हणाली आणि वळून सावकाश वर्गाकडं चालू लागली.