मजकूर मर्यादेबाहेर आहे

पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा आहेत — आपल्याच असणार, पण टोपण कधी चावलं ते तिला आठवत नाही; सकाळपासून ती स्क्रीनवरच्या त्याच सहा ओळी वाचते आहे. दवाखान्याच्या वेबसाइटची राखण हे तिचं काम. त्यासाठी तिनं एक ओपन सोर्स फायरवॉल बसवली होती, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून बघावी अशी. आलेला प्रत्येक संदेश ती तपासते, नियमात न बसणारा परत पाठवते, आणि नोंद ठेवते ती फक्त वेळेची, ठिकाणाची, आकाराची, कारणाची. मजकूर साठवायचा नाही, हे तिनंच ठरवलं होतं.

वडिलांना, अण्णांना, जाऊन अठरा दिवस झाले. काल दवाखान्याच्या नंबरवर दादाचा फोन आला.

"गेले त्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारभर बसून त्यांनी तुझ्या दवाखान्याच्या साइटवर तुला लिहिलं. नंबर कुठं होता त्यांच्याकडे तुझा? साधं उत्तर तरी द्यायचंस."

"मला काही आलंच नाही, दादा."

"बरं," तो म्हणाला.

तो मंगळवार, आणि गावाकडून आलेल्या संदेशांच्या नोंदीच्या या सहा ओळी. पहिलं पत्र नऊ हजार बाइटचं. परत. मग सात हजार, सहा, पाच, साडेचार... मर्यादा चार हजारांची. ती घालताना डोळ्यांपुढे इंग्रजी होती, एका अक्षराला एक बाइट. मराठीचं एकेक अक्षर, साधा काना-मात्रासुद्धा इथं नऊ बाइट खातो, हे माहीत असून डोक्यात आलं नाही. धन्य माझी हुशारी. अण्णा, तुम्ही एका बोटानं टाइप करायचात... दर वेळी काय कापलंत? आधी बोलणी कापलीत, की माया? तीन वर्षांपूर्वी 'तू आम्हाला मेलीस' म्हणालात, आणि मीही इरेला पेटून नंबर बदलला. आणि दर वेळी तुमच्यासमोर आलं ते वाक्य — मजकूर मर्यादेबाहेर आहे — तेही माझंच. तुम्हाला ते माझं उत्तर वाटलं असेल.

"ताई," रिसेप्शनवरची दारात उभी होती, "पेशंटचे मेसेज अडकतायत म्हणे."

"करते," ती म्हणाली, आणि मर्यादा दहापट केली. अर्धं मिनिट लागलं.

सहावी ओळ छोटी होती, सहज मावणारी. पण पाच नकारांनंतर फायरवॉल त्या पाठवणाऱ्याचं तासभर काहीच ऐकत नाही. तीही परत गेली. तिनं आकारातून अण्णांचं नाव वजा केलं, फोन नंबर वजा केला, फॉर्मचं सामान वजा केलं, उरलेल्याला नवानं भागलं. काना-मात्रा धरून, मोकळ्या जागा सोडून, चौदा.

तिनं कागदावर लिहिलं: तू घरी ये वाट बघतो. मोजलं. चौदा. मग हात आपोआप पुढे लिहीत गेला: आता लिहिणार नाही. हेही चौदा.

दोन्ही बसत होती. तिनं सवयीनं तीन वर्षांचा राग चाचपून पाहिला, कारण त्याच्या आधारानं ती आजवर उभी होती, आणि तिथं राग नव्हता. नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन एक म्हातारा बसला होता, एका बोटानं आपलीच ओळ पुसत, तिला मावेल एवढं होऊ पाहत.