पाय तयारीत

रिव्हेटच्या डोक्यावरून त्याने अंगठा फिरवला, आणि अंगठ्याने काहीच सांगितलं नाही. क्लच प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत उतरलं आहे की अजून केसभर वर आहे, हे पूर्वी अंगठा जाडी मोजणाऱ्या कॅलिपरच्या आधी सांगायचा – बावीस वर्षं सांगत आला होता – आणि आज तो नुसताच घसरत गेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्याने कॅलिपर लावला. अस्तर संपलं होतं, चहूबाजूंनी सारखं, म्हणजे प्लेटमध्ये खोट नव्हती. खोट असती तर एकच बाजू आधी गेली असती. प्लेट जिच्यावर घासते ती लोखंडी चकती तापून निळी पडली होती. गाडी अवघी अकरा हजार किलोमीटर चाललेली. कुणाचा तरी डावा पाय क्लचवरून कधी उठलाच नव्हता.

वॉरंटीच्या अर्जावर त्याच्यासाठी दोनच चौकोन असत – दोष आणि झीज. दोष असेल तर कंपनी भाग बदलून देणार, झीज असेल तर मालकाने आपलं आपण बघायचं. वर्कशॉपमधली मंडळी पाठीमागे त्याला झीजकाका म्हणत, हे त्याला ठाऊक होतं. आडनावापेक्षा ते बरं, निदान स्वतः कमावलेलं. लोक येऊन वाद घालत – अहो, नवी कोरी गाडी, इतक्यात झिजेल कशी – कुणी आवाज चढवी, कुणी वकिलाचं नाव काढी, तो शांतपणे ऐकून घेई आणि दुसऱ्या चौकोनात खूण करी. वाईट वाटत नसे. जे प्लेटवर होतं ते कागदावर आलं, त्यात वाटून काय घ्यायचं?

पण अंगठा... सकाळी हजेरीच्या यंत्रानेही तो नाकारला होता. एकदा, दोनदा, पाचदा. मागे रांग वाढत होती आणि यंत्र लाल होऊन पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा म्हणत होतं. हजेरीच्या बाईंनी आधी बोट ओलं करायला सांगितलं, मग पुसायला, मग त्याचा हात सरळ उजेडाकडे धरला.

"काका, रेषाच नाहीत हो तुमच्या अंगठ्याला. कुठे घालवून आलात?"

रांगेत कुणीतरी हसलं. तोही हसला. बाईंनी चिठ्ठी पुढे केली – हजेरी न लागण्याचे कारण: यंत्रातील बिघाड किंवा इतर. त्याने उभ्याउभ्या 'यंत्रातील बिघाड'वर खूण केली आणि चालू लागला. हात जराही अडखळला नव्हता. हे त्याला आठवलं ते आत्ता, प्लेट खाली ठेवताना.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली होती, तुमचे हात अलीकडे किती मऊ झालेत. नवं लग्न होतं तेव्हा म्हणायची, हात आहेत की किसणी, माझ्या स्वेटरची लोकर निघते. त्याला वाटलं, कौतुकच आहे. ते कौतुक त्याला चार दिवस पुरलं होतं.

बाराच्या सुमारास गाडीची मालकीण स्वतःच येऊन समोरच्या खुर्चीत बसली. अडुसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली बाई; पर्स मांडीवर, पाठ ताठ.

"चार वाजता माझा मुलगा कागद न्यायला येईल," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी मला बोलायचंय."

"बाई, वॉरंटीत क्लच प्लेट..."

"झिजणारे भाग धरत नाहीत. सातवं पान. वाचलंय मी." त्या थांबल्या. "मला काही फुकट नको. पैसे मी भरते. तुम्ही फक्त झीज लिहू नका. झीज लिहिलंत की तो म्हणणार, आईला आता गाडी झेपत नाही, आण ती किल्ली. हे गेले आणि मी एकोणसाठाव्या वर्षी गाडी शिकले. आता बहिणीकडे जायचं तरी त्याला सवड कधी आहे ते विचारून जाऊ?"

तो सहसा प्रश्न विचारत नसे. आज विचारला. "क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

"छे. ठेवत नाही. तयारीत असतो. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं – डावा पाय कायम तयारीत ठेवा. नऊ वर्षांत एकदाही विसरले नाही."

पहिला नंबर आलेल्या मुलीसारख्या त्या हे बोलल्या. टेबलाला पुढून फळी नव्हती, त्यामुळे त्याला त्यांचा डावा पाय दिसत होता – टाच उचललेली, चवडा फरशीवर रेटलेला.

"पाय उचला," तो म्हणाला. "आत्ता, बसल्याबसल्या."

त्यांनी वाकून पाहिलं. मग पाय उचलून बाजूला नीट सपाट ठेवला. "एवढंच होतं? मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? आधीची गाडी जुनी, काही झालं की सगळे गाडीलाच बोल लावायचे..." आणि मग त्या बहिणीबद्दल सांगू लागल्या, तिचे डोळे, तिचा तिसरा मजला, आणि दुसऱ्याच वाक्याला टाच हळूच वर उठली. त्यांना पत्ता नव्हता. त्याने सांगितलं नाही.

त्या गेल्यावर अर्ज तसाच पडून राहिला. पाय तिथे होता, हे प्लेटने सांगितलं होतं. का होता, हे प्लेटला ठाऊक नव्हतं. सवय की वय? सवय असेल तर सुटेल, कदाचित, कुणी शेजारी बसून शंभरदा टोकलं तर. वय असेल तर... बावीस वर्षांत त्याला 'का'ची गरजच पडली नव्हती. सांगितलं तसं इमानाने वागलेल्या माणसासाठी कोणता चौकोन? आणि सकाळी त्या चिठ्ठीवर खूण करायला मी किती वेळ घेतला? क्षणभरही नाही. माझ्याकडे कुणी पुराव्याला प्लेट मागितली नाही. अंगठा गेला हे कळलं तर साहेब गोडच बोलतील, म्हणतील, आता ऑफिसात बसा, खूप केलंत... आणि हे टेबल, हा दिवा, हा कॅलिपर दुसऱ्याकडे जाईल. त्याला एकदम भीती वाटली.

चार वाजता मुलगा आला. तो भांडखोर असता तर बरं झालं असतं. दारातच त्याने चपला नीट पुसल्या, बसला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "आईचाच पाय ना?"

अर्ज दोघांच्या मध्ये होता. दोन्ही चौकोन कोरे.

"मला तिला दुखवायचं नाही हो," मुलगा म्हणाला. "तुम्ही लिहून दिलंत की माझ्यावर येत नाही."

असल्या प्रश्नाला तो एका दमात उत्तर देत आला होता. आज त्याला आपला उजवा हात आपोआप मिटलेला जाणवला, अंगठा आत घेऊन. आणि टेबलाखाली आपला डावा पाय – केव्हापासून कोण जाणे – टाच उचलून फरशीवर घट्ट रेटलेला. त्याने तो सोडवला. बाजूला, नीट सपाट ठेवला.

"हे बघा," तो बोलू लागला, आणि टाच पुन्हा उठली.