जोडीतली एक डिस्क

कामाग्वेच्या रेडिओ केंद्राने जुना सर्व्हर मोडीत काढला, तेव्हा त्याच्या पोटातून दोन जाडजूड हार्ड डिस्क निघाल्या. त्यातली एक अर्सेनिओने घरी आणली. सगळी उमर त्याने त्या केंद्रात लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यात घालवली होती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली, भाषण केलं आणि विषय संपवला. अर्सेनिओला त्याचं काही वाटलं नाही. त्याला हवी होती ती डिस्क मिळाली होती, आणि डिस्कवर ओडालिस होती.

ओडालिस म्हणजे त्याची बायको. दर रविवारी सकाळी ती रेडिओवर मुलांना गोष्ट सांगायची, स्वतः रचलेली. समोर गल्लीतली पोरं गोळा करून बसवायची आणि काचेपलीकडे अर्सेनिओ ध्वनिमुद्रण सांभाळायचा. ती जाऊन आता दुसरं वर्ष लागलं होतं. घर इतकं गप्प झालं होतं की नळ गळला तरी त्याला सोबत वाटायची.

दुसरी डिस्क युसिमीकडे गेली. ती केंद्राची संगणक इंजिनिअर, राहायला अर्सेनिओच्याच गल्लीत. नव्या मालिका, सिनेमे, गाणी डिस्कवर भरून दर आठवड्याला घरोघर पोचवायची, हा तिचा जोडधंदा. इंटरनेट महाग, त्यातून गोगलगायीच्या चालीचं. त्यामुळे सगळं गाव असं एकमेकांच्या डिस्कवरच जगत होतं.

अर्सेनिओची डिस्क घरच्या जुनाट संगणकात बसवायला तीच आली. वायरी जोडल्या, बटण दाबलं, डिस्क ढिम्म.

"खोड आहे हिची, काका. घरच्या मशीनची वीज हिला मानवत नाही." ती नकोशी वीज अडवायला तिने डिस्कच्या एका टोकावर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. डिस्क जागी झाली ती घरघर करतच.

"ही काय चक्की आणलीस?" अर्सेनिओ म्हणाला.

"सर्व्हरची आहे. थंड खोलीत वाढलेली, वीज कधी न गेलेली. तुमच्याकडे जरा हाल होणार तिचे." मग हात पुसता पुसता ती म्हणाली, "माझ्या डिस्कवरही हेच सगळं आहे. शब्दन् शब्द. जुळ्याच त्या. पुसू का? मला जागा हवीये."

"पूस की. माझ्याकडे आहे ना."

कामाग्वेत दुसरा कोणीही हेच म्हणाला असता. जिथे डिस्कवरचा कोपरान् कोपरा कोणाच्या ना कोणाच्या कामी येतो, तिथे एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. युसिमी गेली आणि अर्सेनिओने पहिली गोष्ट लावली. ओडालिस घसा खाकरली. तो तिथेच रडला, आणि मग कॉफी करायला उठला.

पुढे हाच त्याचा नेम झाला. वीज आली की गल्ली एका सुरात "आली" म्हणून ओरडायची, आणि अर्सेनिओ संगणकाकडे धावायचा. वीज जायची तीही न सांगता, डिस्क ऐन भरात फिरत असताना.

मुलगी मार्बेलिस परदेशात, माँटेव्हिडिओला गेली होती. तिची अल्मा तिथेच जन्मली. आजीने नातीला एकदाही पाहिलं नव्हतं. मार्बेलिस फोनवर पिच्छा पुरवायची. "बाबा, फ्लोरिंडा बकरीची गोष्ट पाठव ना. मी सांगते ती अल्माला पटत नाही. म्हणते, आजीचीच हवी."

"पाठवतो गं. जरा वीज टिकू दे."

वीज टिकत नव्हती हे खरंच. पण खरं सांगायचं तर त्याला घाईही नव्हती. हातातली वस्तू कुठे पळून जाते?

एका दुपारी तो फ्लोरिंडाच ऐकत होता, डिस्क घरी आल्यापासून पहिल्यांदा. समुद्र बघायला निघालेली बकरी विनातिकीट आगगाडीत चढते. तपासनीस येतो. ओडालिसने त्याचा जाडा आवाज काढला, "बाईसाहेब, तिकीट?" आणि आवाज तुटला. पडद्यावरून डिस्कच नाहीशी झाली, जणू घरात कधी नव्हतीच. अर्सेनिओने संगणक बंद करून पुन्हा लावला. डिस्क परत आली, गोष्ट सुरू झाली, आणि "तिकीट?"पाशी पुन्हा गेली.

युसिमीने येऊन डिस्कला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"साध्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही ना, की ती हट्टाला पेटते, काका. पुन्हा पुन्हा घासत बसते. मशीन अडकून पडतं, पण कधीकधी निघतंही काहीतरी. ही तशी नाही. हिला शिकवलंय, अडलं की सोडून दे, खोळंबू नकोस. शेजारी जुळी आहे, ती देईल."

"आणि शेजारी कोणी नसेल तर?"

"ते हिला कळत नाही ना."

अर्सेनिओ खुर्चीत बसला.

"तुझ्या डिस्कवर..." त्याने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"तिच्यावर आता तुर्की मालिका आहेत. त्याआधी दुसऱ्या होत्या. कितीदा भरली आणि पुसली." युसिमीचे डोळे भरून आले. "मी विचारायलाच नको होतं."

"मीच म्हणालो ना, पूस."

ती डिस्क घेऊन गेली. धंदा बाजूला ठेवून, वीज येईल तेव्हा, ती त्या अडलं की सोडून देणाऱ्या डिस्कची मनधरणी करत राहिली. शेवटी बरंचसं निघालं. फ्लोरिंडाही निघाली, एवढी एक जागा सोडून. तपासनीस विचारतो, "बाईसाहेब, तिकीट?" मग नुसती शांतता. आणि त्यानंतर पोरांचा असा हशा, की ऐकणाऱ्यालाही उगाच हसू यावं.

अर्सेनिओने एक दिवसही न दवडता गोष्ट माँटेव्हिडिओला पाठवली.

संध्याकाळी फोन आला. पलीकडे अल्मा होती. "आजोबा, बकरी काय म्हणाली?"

"कोणाला?"

"तिकीटवाल्याला. सगळे हसले ना, मग ती काय म्हणाली?"

अर्सेनिओ म्हणाला, "आईला दे बघू फोन."

मार्बेलिस आली. "मलाही आठवत नाहीये, बाबा. मी त्या पोरांमध्येच बसले होते. पोट धरून हसले, एवढंच आठवतंय. वाटायचं, तुझ्याकडे आहेच, कधीही ऐकू."

"हं."

"तुला माहीत असेलच ना. सगळ्या गोष्टींना तू समोर होतास."

"होतो."

"मग सांग ना तिला. तुझ्याच आवाजात सांग, चालेल."

अर्सेनिओने डोळे मिटले. काच त्याला स्पष्ट दिसली. काचेमागे ओडालिस, तिच्या पायाशी पोरं, आणि त्याच्या समोर आवाज मोजणारा थरथरता काटा. बकरीच्या त्या उत्तराला तिचा आवाज एकदम चढायचा, म्हणून तो आधीच आवाजाचं बटण खाली आणून ठेवायचा. काटा लाल पट्टीला टेकला नाही की त्याला हायसं वाटायचं. बटण किती खाली आणायचं, ते त्याच्या बोटांना अजून बिनचूक ठाऊक होतं.

"बाबा? विसरलास का? विसरला असशील तर तसं सांगते तिला, आजोबा विसरले म्हणून."

"विसरलो नाही गं," अर्सेनिओ म्हणाला. "मी ऐकलंच नव्हतं."