बटण कोण दाबतं

शिवांजलीच्या सासरच्या गावात रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि सगळं गाव टीव्ही, मोबाईल, वायफाय बंद करून बसतं. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं, असा ग्रामसभेचा ठराव आहे. एकमेकांशी बोलायला ठराव लागतो म्हणून विट्याच्या बाजारात लोकांनी सुरुवातीला या गावाची भरपूर टिंगल केली. पण ठराव टिकला, आणि टिकला तो लालासाहेबांमुळे. लालासाहेब म्हणजे शिवांजलीचे सासरे आणि भोंगा समितीचे अध्यक्ष.

लालासाहेबांची उमेदीची सारी वर्षं तमिळनाडूत, सेलमला गेली. या भागातले कितीतरी पुरुष देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात, तसं एक त्यांनी तिकडं तीस वर्षं चालवलं आणि आता त्यांचा मुलगा, म्हणजे शिवांजलीचा नवरा जयराज ते बघतो. गावी परतल्यावर त्यांना दिसलं, की ज्या घरासाठी आपण परमुलखात भट्टीपुढं बसलो त्या घरातली माणसं जेवतानाही मोबाईलमध्ये असतात. ते त्यांच्या मनाला लागलं. "मला ह्यो टाइम घरात कवा मिळाला न्हाई. तुमाला मिळालाय तर घालवू नगासा," असं ते ग्रामसभेत बोलले, आणि भराभर हात वर झाले. माणूस मायाळू, पण नियमाचा प्रश्न आला की दगड.

शिवांजलीची अडचण मात्र अमेरिकेतून आली. ती सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेली, तिथंच शिकलेली. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरात बसून करायची. दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअर तपासायची, त्यातल्या चुका हुडकून काढायच्या. त्या कामाची एक मीटिंग रोज सव्वासहाला असायची. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागं गेली आणि मीटिंग आली सव्वासातला, म्हणजे नेमकी भोंग्याच्या पोटात. एकदा तिने माडीवर जाऊन मोबाईलच्या रेंजवर मीटिंग करून बघितली. घरात रेंज येतच नाही आणि माडीवर येते ती धाप लागल्यासारखी. पुण्याला तिचं बोलणं तुटक ऐकू गेलं, पण समोरच्या नानासोंना अध्यक्षांच्या माडीवरचा मोबाईलचा उजेड अगदी स्वच्छ दिसला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं.

पुण्याहून तिच्या वरिष्ठ प्रियंकाबाईंनी सरळच सांगितलं. सोमवारपासून मीटिंगला नीट हजर राहता येत नसेल तर पुण्यात येऊन ऑफिसात बसायचं, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. पुण्याला जायचं म्हणजे सहा वर्षांच्या साक्षीला घेऊन खोली करायची. साताऱ्याच्या पुढचं ते गर्दीचं जग शिवांजलीने एकदा बघितलं होतं आणि तिला ते नको होतं. नोकरी सोडणंही नको होतं. तिला दोन्ही हवं होतं, आणि त्यात काही चूक आहे असं तिला वाटत नव्हतं.

तिने फोनवर नवऱ्याशी सल्लामसलत केली आणि मग सासऱ्यांपुढं विषय काढला.

"मामा, वायफाय नकोच. राउटरमधून माझ्या लॅपटॉपला फक्त एक वायर. बाकी सगळं सातला आपोआप बंद होईल."

"एकाच डब्यातनं निम्मं चालू आन निम्मं बंद?"

"करता येतं."

"करून दाव. पर नुसतं बंद हाय म्हनून भागायचं न्हाई. आपल्या भितीमागं पोरं बसत्यात वायफाय वडत. मी सोता मोबाईल घिऊन तितं हुबा ऱ्हानार."

केबलवाल्याने दिलेल्या त्या राउटरला चालू आणि बंद याखेरीज काही कळत नव्हतं. नवा मागवायचा तर पार्सल यायला आठवडा. पण राउटरच्या डोक्यात कंपनीने भरलेलं जे सॉफ्टवेअर असतं, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ते काढून दुसरं भरता येतं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, फुकटात मिळणारं. त्यात ठरल्या वेळी वायफाय मिटवून वायर तेवढी चालू ठेवायची सोय होती. शिवांजलीने आपल्या राउटरच्या मॉडेलला चालणारी फाईल शोधली, दोनदा पडताळली. धोका एकच होता. नवं फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर राउटर अर्धवट अवस्थेत अडकतो आणि मग त्याला जुनंही आठवत नाही आणि नवंही.

शनिवारी दुपारी ती बसणार होती, तर लाईट गेली. आली ती सातला थोडा वेळ उरला असताना. इन्व्हर्टर होता, पण तिला त्याचा भरवसा नव्हता, म्हणून लाईट पुन्हा जायच्या आत तिला उरकायचं होतं. लालासाहेब पायात चपला सरकवून भोंगा वाजवायला देवळाकडं निघाले होते, त्यांना तिने दारातच गाठलं.

"मामा, आज वायफायच्या बटणाला हात लावू नका."

"न्हाई लावत," लालासाहेब म्हणाले आणि गेले.

राउटर सोप्यात टीव्हीच्या फळीवर, आणि शिवांजली आतल्या खोलीत, मध्ये लांबलचक वायर. तिने फाईल चढवली. पडद्यावर इशारा आला, वीज बंद करू नका. खालची पट्टी हळूहळू भरू लागली. पट्टी निम्मी झाली तेव्हा भोंगा वाजला. शिवांजलीने तो ऐकला आणि काडीचाही विचार केला नाही. मामा देवळात आहेत, मग इथं बटण दाबायला आहे कोण?

पट्टी थांबली. मग पानच गेलं.

ती धावत सोप्यात आली. फळीशी तिची सासू चंद्राबाई उभी होती, ओले हात पदराला पुसत. खाली साक्षी वही उघडून बसली होती.

"आत्या, तुम्ही बंद केलंत?"

"भोंगा झाला न्हवं?"

"पण तुम्ही?"

"रोज मीच करती की. ह्ये तर देवळात असत्यात."

रोज सात वाजता लालासाहेबांचं बोट देवळातल्या भोंग्याच्या बटणावर असतं, मग घरातलं बटण कोण दाबतं, हा प्रश्न शिवांजलीला इतक्या दिवसांत एकदाही पडला नव्हता. लोकांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेणारी बाई, आणि घरातली एवढी साधी गोष्ट तिला दिसली नव्हती. तिने राउटर पुन्हा चालू केला. एकच लाल दिवा लागला आणि ढिम्म राहिला. लॅपटॉपला त्याचा पत्ता लागेना.

उपाय शोधायचा तर इंटरनेट हवं, इंटरनेटसाठी माडी गाठावी लागणार, आणि माडीवर साडेआठपर्यंत मोबाईल काढायची सोय नाही. नानासो समोर बसलेलेच असणार. ती नाइलाजाने चंद्राबाईशेजारी चटईवर टेकली. चंद्राबाई शेंगा फोडायला बसली होती.

"लय मोठं काय झालं का?"

शिवांजलीने सांगितलं. फर्मवेअर वगैरे शब्द टाळून सांगितलं, आणि राउटर सुरू झाला नाही तर सोमवारनंतर पुणं गाठावं लागेल हेही बोलून गेली.

चंद्राबाईचे हात थांबले. "पुन्याला? ऱ्हायला?"

"नोकरी ठेवायची तर. साक्षीला घेऊन."

"ह्यास्नी म्हाईत हाय?"

"मामांना सांगितलंय."

"आन जयराजला?"

"हो."

"म्हंजी तिगं मिळून पुन्याचं बोलत हुतासा, आन मी आत भाकरी थापत हुती."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शिवांजली म्हणाली, "तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून नाही सांगितलं."

"काळजी माजी मी करीन की. ती तुमी कशाला वाचवताय?" चंद्राबाईने एक शेंग फोडली, दाणे साक्षीच्या हातावर ठेवले. "ह्यांनी सेलमला दुकान टाकलं, तवा बी मला कवा कळलं म्हाईत हाय? पिशवी भरताना. जयराज तिकडं जायचा ठरला, तवा बी तसंच. बटनाचं आज कुनी सांगितलं असतं, तर मी त्येच्यापुढं काठी घिऊन बसली असती."

शिवांजलीला शरम वाटली. सासरे कडक, त्यांना पटवायला हवं, एवढं तिने धरलं होतं. सासू आपलीच आहे, तिला काय पटवायचं, असं समजून तिने तिला सरळ वगळलं होतं. आपल्या लाडक्या माणसाला तिने घरातल्या भांड्यासारखं गृहीत धरलं होतं. तीही शेंगा फोडू लागली.

तेवढ्यात गल्लीत फेरी मारून लालासाहेब आले. सगळं ऐकून त्यांनी बायकोकडं बघितलं. "आगं, आज बटनाला हात लावू नगा म्हनून सुनबाईनं सांगितलं हुतं."

"कुनाला?"

"मला."

"आन बटन कोन दाबतं?"

लालासाहेबांनी थोडा विचार केला आणि ते पाय धुवायला मागं निघून गेले.

साडेआठचा भोंगा झाल्यावर शिवांजली माडीवर गेली. राउटर मेला नव्हता. अशा वेळेसाठी बनवणाऱ्यांनी त्याला एक चोरवाट ठेवलेली असते. मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरायची, तशीच धरून वीज चालू करायची, दिवा लुकलुकला की पिन सोडायची, आणि त्याच क्षणी लॅपटॉपवरून वायरीने फाईल पाठवायची. राउटर थोडाच वेळ वाट बघतो आणि मग दार लावून घेतो. ती खाली आली आणि तिच्या लक्षात आलं, की याला दोन हात पुरणार नाहीत.

सोप्यात लालासाहेब बसले होते. ते उठायच्या बेतात होते. शिवांजली स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"आत्या, मला मदत लागेल. काय करायचंय ते आधी सगळं सांगते."

चंद्राबाईने ऐकून घेतलं, मधे दोन शंका विचारल्या, आणि बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. पहिल्या खेपेला राउटरशी जोडायला लॅपटॉपला द्यायचा आकडी पत्ता चुकला, ती चूक शिवांजलीची. दुसऱ्या खेपेला पिन लवकर सुटली. "ही माजी," चंद्राबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली. तिसऱ्या खेपेला लाल दिवा लुकलुकू लागला.

"लुकलुकतोय. सोडली," चंद्राबाई म्हणाली, आणि शिवांजलीने फाईल सोडली.

पुढं नुसती वाट बघायची होती. चंद्राबाई बटणाच्या बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. साक्षीला पाण्याच्या निमित्तानेही तिकडं फिरकू दिलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. सगळे दिवे लागले आणि लॅपटॉपवर नव्या फर्मवेअरचं पान उघडलं, तेव्हा शिवांजलीला रडूच फुटायचं बाकी होतं. रविवारी दिवसभर बसून तिने वेळा घातल्या, वायर तपासली. प्रत्येक वेळी काय केलं ते ती स्वयंपाकघरात जाऊन सांगून येत होती.

सोमवारी सातला भोंगा वाजला आणि वायफाय आपलं आपण मिटलं. चंद्राबाई सवयीने फळीपर्यंत गेली आणि परत फिरली. लालासाहेब ठरल्याप्रमाणे भिंतीमागं मोबाईल धरून उभे राहिले. वायफायची एकही रेघ उमटली नाही. नानासो विचारायला आलेच.

"अध्यक्ष, आत खोलीत उजेड दिसतोय. सुनबाईचा काँप्युटर चालू हाय जनू?"

"चालू हाय. कामावर हाय ती."

"आन वायफाय?"

"वायफाय बंद हाय. ही वायर हाय. ठरावात वायर कुटं हाय, दावा बरं."

नानासोंनी ठराव आठवून बघितला आणि ते घराकडं वळले.

मीटिंग चांगली झाली. तिचा शब्दन्‌शब्द पलीकडं पोचला. शेवटी प्रियंकाबाई म्हणाल्या, की आता घरून काम करायला हरकत नाही, पण जानेवारीत नव्या कामाची ओळख करून घ्यायला तीन दिवस पुण्याला यावं लागेल.

लॅपटॉप मिटून शिवांजली बाहेर आली. सोप्यात लालासाहेब साक्षीचे पाढे घेत होते. "जमलं का?" त्यांनी विचारलं. "जमलं," ती म्हणाली आणि थांबली नाही. जयराजचा फोन जेवणाच्या सुमाराला यायचा होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आत्या, मला जानेवारीत तीन दिवस पुण्याला जावं लागणार आहे. आत्ताच कळलं."

चंद्राबाईने तव्यावर भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं. "मामास्नी सांगितलंस?"

"नाही अजून."

"जयराजला?"

"कुणालाच नाही. पहिलं तुम्हालाच सांगतेय."

चंद्राबाईने हाताचं पीठ झटकलं.

"जा की. पोरीचं मी बघती," ती म्हणाली. शिवांजली सोप्याकडं वळली तशी चंद्राबाईने तिला दंडाला धरून थांबवलं. "तू नगं. ह्यास्नी मी सांगती."

आणि भाकरी तव्यावर तशीच सोडून, पदर खोचत, ती बाहेर गेली.