बाणाच्या पोटातली पितळी सळई

मित्रांनो, मी एक जुनी पितळी सळई आहे. बुडाशी जाड, टोकाला निमुळती. उमरखेडच्या हबीबमियांनी शोभेच्या दारूच्या कामासाठी मला घडवून घेतले. लोखंडाची ठिणगी उडते, म्हणून पितळेची.

आकाशात उडणाऱ्या बाणाच्या नळीत मला उभी करत. तोंडाशी माती, मग दारू, असे माझ्याभोवती ठासत. मला ओढून काढले की माझ्या जागी पोकळी राही. दारू पेटली की आतला वायू अरुंद तोंडातून जोराने खाली सुटतो आणि बाणाला वर रेटतो. कौतुक मात्र बाणाचे! मी तेव्हा डब्यात. राग येई, खोटे कशाला बोलू?

१९५८ साली हबीबमियांची नजर पार गेली. तरीही फुलसावंगीच्या रामरावांनी लेक कोकिळा हिच्या लग्नाचे बाण त्यांनाच सांगितले. काम अंगावर घेतले त्यांच्या बायकोने, सुग्राबीने. हे बाण फसले असते, तर बाईच्या हातचे बाण पुन्हा कोणी उडवले नसते.

आदल्या दिवशी एक बाण लावून पाहिला. तो नुसता फुसफुसला आणि जागीच जळून गेला. सुग्राबी भरलेला आणखी एक बाण घेऊन मियांकडे आली.

"दारू तं तुमच्याच मापानं भरली. धूरही मस्त निघाला. मंग उडला काहून नाही?"

हबीबमियांनी त्या बाणाचे तोंड बोटाने चाचपले. "सळई कशी काढली?"

"हलवू हलवू. बकरीचा खुंटा उपटतो तशी."

"तिथंच चुकलं! तोंड रुंद झालं. आता धूर आरामात निघून जाते. त्याले दाटीतून निघू दे, मंगच तो बाणाले ढकलते."

सुग्राबीने सगळे बाण नव्याने भरले. दर वेळी श्वास रोखून मला सरळ वर ओढले.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या आणि वात पेटली. त्या दिवशी मी डब्यात नव्हते, सुग्राबीच्या घामेजल्या मुठीत होते.

"गेला का?" हबीबमियांनी विचारले.

सुग्राबी मान वर करून बाणाची ठिणगी शोधत होती. तेवढ्यात उंचावर फट्‌ झाले.

"लय वरून आला आवाज," म्हणत मियां हसले.

आता दोघेही नाहीत. मला दाराच्या कोयंड्यात खुपसतात, कधी माझ्याने खिळे ठोकतात. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, वाकू देऊ नका. मी जराशी वाकले, तरी नळीतून सरळ निघणार नाही, आणि एखाद्या सुग्राबीचा बाण जागीच जळून जाईल.